जुन्या अमेरिकन ड्रॅग गाड्यांची अचूक स्केल मॉडेल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लास्टिकचं किट जोडता येतं, पण १९५५ ते १९७२ या काळातली ड्रॅग गाडी 'जशी होती तशी' करायला घेतली की कुठे अडतं, त्याची ही उत्तरं. विमानं आणि रणगाड्यांची मॉडेल्स करणाऱ्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. इंजिनाचा भाग मात्र त्यांनीही वाचावा.

'अचूक' म्हणजे नेमकं किती अचूक?

आधी तारीख ठरवा. ड्रॅग गाडी कारखान्यातून निघाली आणि तशीच राहिली, असं कधी होत नसे. रविवारी शर्यत आणि सोमवारपासून गॅरेज. महिन्याभरात मागचे टायर, इंजेक्टर, दारावरच्या जाहिराती बदलायच्या, कधी अख्खं इंजिनच बदलायचं. 'स्टोन, वुड्स आणि कुक या ड्रॅग संघाची विलीज (जुन्या अमेरिकन कंपनीची गाडी) करतोय' एवढ्याने काहीच ठरत नाही. कोणत्या मोसमातली, कोणत्या स्ट्रिपवरची (शर्यतीच्या पट्टीवरची), हे ठरलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सचंच बघा. १ ऑगस्ट १९६४ रोजी न्यू जर्सीत ग्रेट मेडोजच्या आयलंड ड्रॅगवेवर त्याने ताशी २०१.३४ मैलांची नोंद केली. मॉडेल त्या दिवसाचं करायचं ठरवलं, तर त्याच दिवसाचे किंवा फार तर त्या उन्हाळ्यातले फोटो पुरावा म्हणून चालतील. पुढच्या वर्षीचा सुंदर रंगीत फोटो हाताशी असला तरी तो बाजूला ठेवायचा. हे जमलं नाही तर मॉडेल देखणं होईल, पण तशी गाडी जगात कधीच नव्हती.

ड्रॅग रेसिंगची काहीच माहिती नाही. थोडक्यात सांगाल?

सरळ रस्ता, दोन गाड्या, पाव मैल. म्हणजे १,३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर. थांबलेल्या गाडीने सुरुवात करायची, आधी पोचेल तो जिंकला. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या विमानतळांच्या धावपट्ट्यांवर हे प्रकरण फोफावलं. सांता आनाच्या विमानतळावर १९५० मध्ये तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्सने एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) ही संघटना स्थापन केली. आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' बघितली असेल, तर कल्पना तीच आहे. गाड्यांचं जग मात्र अगदी वेगळं.

पहिलं किट कोणतं घेऊ?

ड्रॅगस्टर घेऊ नका. लांब, सडपातळ, सगळा सांगाडा उघडा. जोड जरा तिरका झाला की चारपैकी एक चाक हवेत. १९६० च्या दशकातली दारं उघडणारी रेव्हेलची जुनी किट्सही नकोत. खोक्यावर चित्र भारी असतं, पण दार, खांब आणि छत एकमेकांना भेटायला तयार नसतात.

माझी शिफारस १९६४ च्या फोर्ड फेअरलेन थंडरबोल्टची. रेव्हेलचं १/२५ चं किट आहे. मूळ गाड्या जेमतेम १०० बनल्या. फोर्डसाठी डिअरबॉर्न स्टील ट्यूबिंगने त्या तयार केल्या. पहिल्या ११ मरून रंगाच्या होत्या, बाकीच्या पांढऱ्या. नवशिक्याला एकरंगी पांढरी गाडी म्हणजे पर्वणीच. आत गालिचा नाही, रबरी चटई आहे, म्हणजे मॅट काळा मारला की काम झालं. आतल्या बाजूचे दोन हेडलाइट काढून तिथे जाळी बसवलेली असे आणि त्या भोकांतून जाड नळ्यांनी थेट कार्ब्युरेटरला हवा जाई. या दोन जाळ्या नीट केल्या तर जाणकार माणूस लगेच मान डोलावतो. प्लास्टिकची कोरलेली जाळी पोखरून काढा आणि मागून बारीक धातूची जाळी लावा. चहाच्या जुन्या गाळणीची जाळी या स्केलला जाड दिसते, ती टाळा.

१/२४ की १/२५?

शेल्फवर एकाच स्केलच्या गाड्या असाव्यात, एवढाच माझा आग्रह. एएमटी, एमपीसी आणि जो-हॅन यांची किट्स १/२५ ची, कारण या कंपन्यांची मुळं अमेरिकन शोरूममध्ये ठेवल्या जाणाऱ्या जाहिरातीच्या छोट्या मॉडेल्सच्या परंपरेत आहेत. मोनोग्राम १/२४ वाली. एका फुटाला अर्धा इंच असा तो सरळ हिशेब. फरक चार टक्क्यांचा. ११५ इंच व्हीलबेसची १९५५ ची शेव्हरले १/२५ मध्ये ११६.८ मिमी भरते आणि १/२४ मध्ये १२१.७ मिमी. पाच मिलिमीटर शेजारीशेजारी ठेवल्यावर डोळ्यात खुपतात. इंजिन आणि टायरची अदलाबदल मात्र बिनदिक्कत करा, तिथे चार टक्के कुणाला दिसत नाहीत.

खोक्यावर नवं साल आहे, म्हणजे किट नवं का?

बहुधा नाही. या धंद्यात साचे पन्नास-साठ वर्षं फिरतात. कंपनी विकली जाते, साचा दुसऱ्याकडे जातो, खोकं आणि डेकल (पाण्यात भिजवून लावायची चित्रं-अक्षरं) नवीन येतात, प्लास्टिक तेच. 'लिटल रेड वॅगन' हा मागच्या दोन चाकांवर धावणारा डॉजचा पिकअप आधी आयएमसीने काढला आणि पुढे तो लिंडबर्गच्या खोक्यात आला. त्यात वाईट काही नाही, पण साचा झिजलेला असतो. कडांना प्लास्टिकची पापडी येते, ती पातीने खरवडावी लागते.

मोजमाप कशी काढायची? किटवर विश्वास ठेवायचा का?

ठेवू नका. मिलिमीटरची व्हर्नियर कॅलिपर आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा. इंच गुणिले २५.४, भागिले २५. इतकंच गणित आहे, म्हणजे १/२५ मध्ये मूळचा एक इंच जवळजवळ एक मिलिमीटर होतो. ही सोय १/२४ मध्ये नाही. माझं मन १/२५ कडे झुकतं, त्याचं हे एक कारण.

सगळ्यात शिकवणारं उदाहरण १९६५ च्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांचं. मागच्या चाकांवर वजन यावं म्हणून क्रायस्लरने मागचा आस १५ इंच आणि पुढचा आस १० इंच पुढे सरकवला. पत्रा आम्लात बुडवून पातळ केला. गाडी इतकी विचित्र दिसू लागली की एनएचआरएने तिला फॅक्टरी एक्सपेरिमेंटल वर्गात घेतलंच नाही. मग या गाड्यांनी दुसऱ्या संघटनेच्या शर्यतींत आणि पैसे लावून होणाऱ्या जोडीच्या लढतींत नाव काढलं.

साध्या १९६५ च्या बॉडीपासून ही गाडी करायची, तर मागच्या चाकावरची कमान १५.२ मिमी आणि पुढची १०.२ मिमी पुढे न्यायची. कमानीभोवतीचा पत्रा चौकोनी तुकड्यात कापून घ्या, तोच तुकडा पुढे बसवा आणि कापून काढलेला भाग मागच्या रिकाम्या जागेत भरा. कापण्याआधी बॉडीच्या आतून मास्किंग टेपवर रेघा मारा. बाहेरून मारलेली रेघ दाराच्या खोबणीत फसते. मागच्या कमानीची पुढची कड दाराच्या जवळ येते, तिथे अर्धा मिलिमीटर चुकला तरी दिसतं. एकूण व्हीलबेस पाच इंच घटतो, म्हणजे मॉडेलमध्ये ५ मिमी. शेवटी तेवढा भरतोय का, हे कॅलिपरने बघा आणि मगच प्रायमर मारा.

तारखेचा मुद्दा इथेही येतोच. मोसमाच्या सुरुवातीला या गाड्यांना दोन कार्ब्युरेटर आणि बॉनेटवर हवेचा खोका होता. त्याच वर्षी पुढे हिलबॉर्नचं इंजेक्शन आलं आणि बॉनेटमधून उंच नळ्या वर डोकावू लागल्या. गाडी एक, वर्ष एक, चेहरे दोन.

गॅसरचं नाक किती वर ठेवायचं?

गॅसर म्हणजे 'गॅस' वर्गात, साध्या पेट्रोलवर धावणारी गाडी. तिचं नाक बहुतेक जण ठेवतात त्यापेक्षा कमी वर हवं. हल्ली रस्त्यावर 'गॅसर स्टाइल' म्हणून फिरणाऱ्या गाड्या बघून मॉडेलचं नाक आभाळाला लावायची पद्धत पडली आहे. तेव्हाच्या गॅस वर्गात नियम होता: क्रँकशाफ्टचा मध्य जमिनीपासून २४ इंचांपेक्षा वर नको. १/२५ मध्ये हे २४.४ मिमी. इंजिनाच्या पुढच्या खालच्या पुलीचा मधला बिंदू म्हणजे क्रँकचा मध्य. गाडी काचेवर उभी करा, शेजारी स्टीलची पट्टी धरा आणि बघा. पुली २४ मिमीच्या वर दिसली तर तपासनीसाने गाडी परत पाठवली असती.

दुसरा नियम इंजिन मागे सरकवण्याचा: व्हीलबेसच्या दहा टक्क्यांपर्यंत, पुढच्या स्पिंडलपासून (चाक ज्यावर फिरतं तो आस) पहिल्या स्पार्क प्लगपर्यंत मोजून. १९४१ च्या विलीजचा व्हीलबेस १०४ इंच, म्हणजे मॉडेलमध्ये जास्तीत जास्त १०.६ मिमी. फायरवॉल (इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यामधला पत्रा) कापावी लागली तर कापा, खऱ्या गाडीतही कापलेलीच असे.

इंजिनात काय तपासायचं?

इथे घाई करू नका. जुन्या ड्रॅग गाडीचं इंजिन उघडंच असतं, बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

क्रायस्लरच्या 'हेमी' नावाच्या दोन इंजिनांची गल्लत सर्रास होते. १९५७-५८ चं ३९२ घनइंचांचं आणि १९६४ मध्ये आलेलं ४२६. दोन्हींचे व्हॉल्व्ह कव्हर रुंद, दोन्हींचे स्पार्क प्लग कव्हरच्या मधोमध. पण ३९२ चा डिस्ट्रिब्युटर किंवा मॅग्नेटो (स्पार्क प्लगना वीज पुरवणारा भाग) मागे, फायरवॉलकडे असतो आणि ४२६ चा पुढे. १९६२ च्या ड्रॅगस्टरमध्ये पुढे मॅग्नेटो दिसला, तर किटच्या डब्यातलं चुकीचं इंजिन उचललं गेलंय हे नक्की.

वायरिंग करायचंच असेल तर बरोबर करा. ४२६ हेमीचा फायरिंग क्रम १-८-४-३-६-५-७-२. वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने टोपीभोवती वायरी लावत जायचं. विषम सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे डावीकडे. फोर्डच्या ४२७ चा क्रम १-५-४-२-६-३-७-८, दिशा तीच, पण तिथे १ ते ४ उजवीकडे आणि ५ ते ८ डावीकडे. खरी वायर ७ ते ८ मिमीची असते, म्हणजे मॉडेलमध्ये ०.३ मिमी. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात ३० गेजची तांब्याची तार मिळते, ती अगदी याच मापाची. तुकडा मागितला तर दुकानदार बहुधा पैसेही घेत नाही. टोपी जेमतेम ४ मिमीची. तिच्यावर आठ भोकं कडेने आणि एक मध्ये कॉइलच्या वायरीचं. पिन व्हाइसमध्ये ०.३ चं ड्रिल लावून, सुईने आधी टोचा मारून, दाब न देता फिरवा. ड्रिल तुटतात, दोन-तीन जास्तीचे आणून ठेवा. इंजेक्शनच्या आठ नळ्यांसाठी याहून थोडी जाड तार लागते.

ब्लोअर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, बहुतेक वेळा ६-७१, म्हणजे प्रत्येकी ७१ घनइंचाच्या सहा सिलिंडरवाल्या जीएमसी डिझेल इंजिनावरून उचललेला. किटमध्ये तो बरा असतो. फक्त त्यावर क्रोम असेल तर उतरवा.

फोटोवरून काळ ओळखण्याच्या काही खुणा सांगा.

एक्झॉस्टच्या नळ्या बघा. सुरुवातीच्या ड्रॅगस्टरमध्ये त्या खाली-मागे वळलेल्या. साधारण १९६४ च्या आगेमागे त्या वर वळल्या, टायरचा धूर बाजूला फेकू लागल्या. क्रॅगर एसएस चाकं १९६४ ची, त्याआधीच्या गाडीला ती लावू नका. फायबर ग्लासची अख्खी बॉडी झाकणासारखी उचलली जाणारी फनी कार १९६६ च्या मर्क्युरी कॉमेटपासून. एनएचआरएने १९५७ ते १९६३ या काळात नायट्रोमिथेन या जोरदार इंधनावर बंदी घातली होती, त्यामुळे त्या वर्षांत त्यांच्या शर्यतींतल्या बहुतेक गाड्या पेट्रोलवर धावल्या.

सगळ्यात मोठी खूण इंजिनाच्या जागेची. ८ मार्च १९७० रोजी लाँग बीचजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर गार्लिट्सच्या गाडीचा ट्रान्समिशन फुटला आणि त्याच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. आपल्या पायांमध्ये हे धूड ठेवायचंच कशाला, म्हणून त्याने इंजिन पाठीमागे घेतलं. १९७१ ची 'स्वॉम्प रॅट १४' पोमोनाला विंटरनॅशनल्स ही शर्यत जिंकली आणि पुढच्या काही वर्षांत टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान ड्रॅगस्टरच्या वर्गातून पुढे इंजिन असलेल्या गाड्या संपल्या.

फोटो उलटे छापलेलेही सापडतात. दारावरची अक्षरं आणि स्टिअरिंगची बाजू बघितल्याशिवाय कोणताही फोटो प्रमाण मानू नका.

खरी गाडी बघायला मिळेल का?

कॅलिफोर्नियात पोमोनाला वॉली पार्क्स यांच्या नावाचं एनएचआरए संग्रहालय आहे आणि फ्लोरिडात ओकालाला गार्लिट्सचं स्वतःचं. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना वर उल्लेखलेली ग्रेट मेडोजची स्ट्रिप एडिसनहून फार दूर नाही. संग्रहालयात सांगाडा, जोड, नळ्यांची वाट यांचे फोटो काढा. रंगाच्या चकाकीवर भरवसा ठेवू नका. दुरुस्त करून ठेवलेली गाडी तिच्या उमेदीच्या काळापेक्षा हमखास जास्त चकचकीत असते.

टायर शेल्फवर ठेवल्यावर रिमला चिकटून वितळले. का?

टायर रिमला वितळवतो, रिम टायरला नाही. जुन्या मऊ व्हिनाइलमधला तेलकट घटक झिरपतो आणि पॉलिस्टायरीन खातो. रिमभोवती चिकट फॉइलची पट्टी गुंडाळा किंवा रेझिनचे टायर वापरा. खोक्यातही टायर वेगळ्या पिशवीत ठेवा, बॉडीवर पडलेला टायर छतावर कायमचा वण उमटवतो. स्लिकचा (मागच्या गुळगुळीत, बिननक्षीच्या टायरचा) नवेपणाचा तुकतुकीतपणा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा. १० इंची स्लिक मॉडेलमध्ये १०.२ मिमी रुंद दिसला पाहिजे. किटमधले बरेच स्लिक याहून रुंद असतात.

कँडी आणि मेटलफ्लेक रंग या आकारात जमतात का?

कँडी जमतो. खाली चांदी किंवा सोनेरी, वर पारदर्शक लाल किंवा निळ्याचे पातळ हात. प्रत्येक हाताने रंग गडद होतो, म्हणून बॉडी, बॉनेट आणि सुटी दारं एकाच बैठकीत, तितक्याच हातांनी रंगवायची. बिग जॉन मझमॅनियनच्या लाल विलीजचा तो खोल रंग दुसऱ्या कशाने येत नाही.

मेटलफ्लेकचं खरं कोडं कणाच्या आकाराचं आहे. मूळ गाडीवरचा ०.२ मिमीचा कण १/२५ मध्ये ०.००८ मिमीचा व्हायला हवा. दुकानातली चमकी टाकली की गाडीवर आरशांचे तुकडे चिकटवल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा अगदी बारीक मोती-पावडर क्लिअरमध्ये (पारदर्शक वार्निशमध्ये) मिसळा.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात लॅकर मारू नका. हवेतला दमटपणा पृष्ठभागावर अडकतो आणि रंगावर पांढुरकी झाक येते. जून ते सप्टेंबर हा इंजिनं आणि सांगाडे करण्याचा काळ.

रंगाची हौस नसेल तर १९६८ ची हेमी डार्ट करा. हर्स्टने जोडलेली ही गाडी ग्राहकाला करड्या प्रायमरमध्येच मिळायची, फायबरचा पुढचा भाग काळा. तिचा पहिला दिवस म्हणजे प्रायमरचे दोन हात आणि बस.

क्रोमचे भाग ठेवायचे की काढायचे?

बंपर आणि चाकं ठेवा, बाकी बहुतेक काढा. घरातल्या ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवले की क्रोम सुटतं; खिडकी उघडी ठेवा आणि ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका. हॅलिब्रँडची मॅग्नेशियम चाकं मंद करडी असतात, ब्लोअरचं ओतीव अ‍ॅल्युमिनियम त्याहून उजळ, आतली पत्र्याची कामं त्याहूनही. एकाच चांदीच्या रंगाने सगळं रंगवू नका.

जुनी डेकल पिवळी पडली आहेत, टाकून देऊ?

थांबा. पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, काही दिवसांच्या उन्हाने पिवळेपणा बराच उतरतो. मग एक नको असलेलं डेकल पाण्यात टाकून बघा. तुकडे झाले तर उरलेल्या कागदावर क्लिअरचा एक हात द्या आणि प्रत्येक डेकल कडेने कापून वापरा. डेकल नेहमी चकचकीत पृष्ठभागावर लावा, मॅटवर खाली हवा अडकते.

काचांना फेव्हिक्विक चालेल का?

अजिबात नाही, वाफेने काच धुरकट होते. फेव्हिकॉल लावा, वाळल्यावर पारदर्शक होतो आणि सांडलेला पाण्याने पुसता येतो.

किट मागवताना काय लक्षात ठेवू?

कस्टम ड्युटी किटच्या किमतीवरच नाही, भाडं धरून लागते, म्हणून दोन-तीन किट्स एकत्र मागवलेली परवडतात. अमेरिकेतून कुणी येणार असेल तर किट बॅगेतून येईल, रंगाचे स्प्रे येणार नाहीत. ते इथेच घ्या. आतलं किट खोक्याबाहेर काढून सपाट पिशवीत आणायला सांगू नका, बॉडी वाकडी होऊन येते.

थ्रीडी प्रिंटचे भाग वापरले तर फसवणूक नाही का?

स्पर्धेचे नियम वाचा, बाकी कुणाला विचारू नका. १/२४ साठी केलेली फाइल ९६ टक्क्यांवर छापली की १/२५ मध्ये बसते. रेझिन घासताना मास्क लावा आणि ओलं घासा.

फनी कारची बॉडी उघडी ठेवू की बंद?

दोन्ही करता येईल अशी सोय करा. बिजागरी मागे असते. १ मिमीची पितळी तार आणि तिच्यावर सैल बसणारी नळी मागच्या बंपरच्या आत आडवी लावली की झालं. बॉडी आतून काळी किंवा करडी रंगवा, मूळ गाडीतही आतली बाजू रंगाने सजवलेली नसे. शर्यतीच्या आधी मेकॅनिक बॉडी उचलून तिला एक काठी टेकू देत. ती काठी मॉडेलमध्येही हवी. पुढच्या टोकाला खाच करून नुसती अडकवा, चिकटवू नका, म्हणजे बॉडी बंद करताना काढून खिशात टाकता येते.